सेवा कुणाची, शब्द कुणाचा?

सरकारची एखादी मोठी संगणकप्रणाली कोसळली, की वाद ठरलेल्या दोन खुंट्यांभोवती फिरू लागतो. एका बाजूचे म्हणतात, प्रत्येक खात्याने आपापली वेगळी चूल मांडली म्हणून हे झालं. सगळ्यांची मिळून एकच प्रणाली उभी करा. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, सगळ्यांची एक प्रणाली केली की सगळेच एकदम बुडतात. ज्याचं त्याला करू द्या. मग कुणीतरी तंत्रज्ञ उठतो आणि 'सर्व्हिस-ओरिएंटेड आर्किटेक्चर', म्हणजे एसओए, नावाचं औषध सुचवतो: प्रणाली वेगवेगळ्या राहू देत, पण प्रत्येकीने आपल्या हातातलं काम 'सेवा' म्हणून बाकीच्यांना उघडं करावं, ठरलेल्या रीतीने विचारलं की ठरलेलं उत्तर द्यावं. इथून चर्चा ईएसबी (प्रणालींचे संदेश मधोमध बसून नेणारं-आणणारं सॉफ्टवेअर) घ्यायचा की एपीआय गेटवे (सेवांना बाहेरून विचारण्याचं सामायिक दार), क्लाउड कुणाचा, मायक्रोसर्व्हिसेस (एकेक छोटं काम करणाऱ्या सुट्या सेवा) किती बारीक, या बोळात शिरते आणि परत बाहेर येत नाही.

औषध बरोबर आहे, असं माझं मत आहे. ते देण्याची रीत मात्र सपशेल चुकते आहे. एका खात्याने सेवा उघडी करणं म्हणजे दुसऱ्या खात्याला शब्द देणं: ही माहिती मी सांभाळीन, खरी ठेवीन, तू विचारशील तेव्हा देईन, तेव्हा तू ती पुन्हा वेगळी गोळा करू नकोस. असा शब्द सर्व्हर देऊ शकत नाही. तो देण्याचा कायदेशीर अधिकार कुणाचा, तो मोडला तर जाब कुणाला विचारायचा आणि तो पाळायला दरवर्षीचे पैसे कुठल्या लेखाशीर्षाखाली येणार, हे आधी ठरलं पाहिजे. सरकारी एसओएचं नियोजन म्हणजे मुख्यतः हेच ठरवणं. ज्याला आपण 'तांत्रिक' म्हणतो ते त्यामानाने सोपं आहे. ते विकत मिळतं.

संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्ये एक निरीक्षण नोंदवलं होतं, ते आता या क्षेत्रात नियम म्हणूनच ओळखलं जातं: संस्था जी प्रणाली रचते तिच्यात त्या संस्थेतल्या बोलाचालीचाच नकाशा उमटतो. ज्या दोन खात्यांचे सचिव वर्षानुवर्षं एकमेकांना नुसती स्मरणपत्रं पाठवतात, त्यांचे सर्व्हर मात्र क्षणात एकमेकांशी बोलू लागतील, ही आशा कशाच्या जोरावर करायची? अमेरिकेचं 'हेल्थकेअर डॉट गव्ह' हे आरोग्यविम्याचं सरकारी संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झालं आणि पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची विम्यासाठीची नोंदणी पूर्ण झाली. सहा. आराखड्याच्या दृष्टीने पाहिलं तर त्यात एसओएचा विचार होता: अर्जदाराचं उत्पन्न करखात्याला विचारायचं, ओळख सामाजिक सुरक्षा खात्याला, आणि हे प्रश्न नेण्या-आणण्यासाठी मधोमध एक 'डेटा सर्व्हिसेस हब'. त्या सगळ्या गोंधळात हा हब त्यातल्या त्यात बरा चालला. कोसळलं ते बाकीचं. संसदेच्या समितीपुढे कंत्राटदार एकामागून एक सांगत गेले, की आमचा तुकडा ठीक होता, आणि सगळे तुकडे जोडून पाहण्याची चाचणी शेवटच्या दोन आठवड्यांत उरकली गेली. पुढे २०१६ मध्ये आरोग्य विभागाच्या महानिरीक्षकांच्या अहवालाने बोट ठेवलं ते स्पष्ट नेतृत्वाच्या अभावावर. अवजारं वाईट नव्हती. शेती बाराभाईंची होती.

एसओएवर आज लिहिणं म्हणजे शिळ्या कढीला ऊत आणणं, असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. २०००च्या दशकात या नावाखाली महागडी मध्यस्थ सॉफ्टवेअरं विकली गेली, संस्थांनी ती जुन्या गुंत्याच्या मधोमध बसवली, आणि गुंता तसाच राहून वर आणखी एक थर चढला. जानेवारी २००९ मध्ये या क्षेत्रातल्याच एका नामांकित विश्लेषक बाईंनी एसओएचा जाहीर मृत्युलेखही लिहिला. पण नाव गेलं तरी सेवांवर उभ्या राहणाऱ्या रचनेची गरज गेलेली नाही, हेही त्यांनी तिथेच म्हटलं होतं. नंतर तीच गरज मायक्रोसर्व्हिसेस, एपीआय, प्लॅटफॉर्म अशी नावं घेऊन येत राहिली. तेव्हा मालकी न ठरवता ईएसबी घेणारं कार्यालय आज मालकी न ठरवता एपीआय गेटवे घेतं. म्हणून मी मुद्दाम जुनंच नाव वापरतो आहे. नवं नाव घेतलं की जुनी चूक आपल्याला लागू नाही, असं वाटायला लागतं.

या वादात ॲमेझॉनचा दाखला हटकून येतो. २००२च्या सुमारास जेफ बेझोस यांनी कंपनीतल्या सगळ्या गटांना फर्मान काढलं, की आपापली माहिती आणि कामं फक्त सेवांच्या दारातूनच एकमेकांना द्यायची, मागच्या दाराने कुणी कुणाच्या डेटाबेसमध्ये शिरायचं नाही, आणि न ऐकणाऱ्याने घरी जायचं. ही हकिकत एका माजी अभियंत्याने २०११ मध्ये सांगितली, तेव्हापासून 'सरकारातही असा एक खमक्या हवा' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता कुणी तोंड उघडलं की ते मनातल्या मनात आधीच पूर्ण करतो. खमक्या नकोच आहे. कंपनीत सगळ्या गटांचा अधिकार एकाच माणसाकडून खाली आलेला असतो. सरकारी खात्याचा अधिकार कायद्यातून येतो. नागरिकाचं उत्पन्न करखात्याने कुणाला सांगावं आणि कुणाला सांगू नये, हे कायद्यात लिहिलेलं असतं. माहिती-तंत्रज्ञान प्रमुखाच्या परिपत्रकाने ते बदलत नाही आणि बदलूही नये. मग फर्मानाऐवजी काय? स्वतंत्र, आपापल्या अधिकाराबद्दल हळव्या असलेल्या संस्थांना एका रुळावर आणण्याचं काम जगाने याआधी केलेलं आहे. अक्षरशः रुळावर.

ब्रिटनमध्ये १८४०च्या दशकात रेल्वे कंपन्या आपापल्या मापाचे रूळ टाकत होत्या. अभियंता ब्रुनेलच्या ग्रेट वेस्टर्न कंपनीचे रूळ सात फुटांवर, बहुतेक बाकीच्यांचे चार फूट साडेआठ इंचांवर. ग्लॉस्टरला ही दोन मापं समोरासमोर आली, आणि तिथे प्रत्येक माणूस, प्रत्येक पेटी एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावी लागे. दोन खात्यांच्या मधे अडकलेला आजचा नागरिक म्हणजे ग्लॉस्टरचा हमालच. सरकारच्याच एका कार्यालयाने दिलेला दाखला सरकारच्याच दुसऱ्या कार्यालयात स्वतःच्या डोक्यावरून नेणारा. सरकारने आयोग नेमला, चाचण्या झाल्या, आणि वेगात रुंद मापाच्या गाड्याच सरस ठरल्या. तरी निवडलं गेलं ते अरुंद माप, कारण देशात त्याचे रूळ कितीतरी जास्त मैल पसरलेले होते. सरस माप हरलं. आज दोन खात्यांचे अभियंते आपल्या संदेशाचा ढाचा दुसऱ्यापेक्षा कसा देखणा आहे यावर महिनोन्महिने भांडतात, तेव्हा मला हा आयोग आठवतो.

१८४६च्या कायद्याने केलं काय? सगळे जुने रूळ उखडा, असं फर्मान काढलं नाही. नवे प्रवासी मार्ग यापुढे ठरलेल्या मापाचे, एवढंच म्हटलं, आणि त्यालाही अपवादाची वाट ठेवली. मधल्या काळात अनेक मार्गांवर तिसरा रूळ टाकण्यात आला, म्हणजे दोन्ही मापांच्या गाड्या एकाच वाटेने जाऊ शकत. ग्रेट वेस्टर्नचं शेवटचं रुंद माप १८९२ मध्ये गेलं. ४६ वर्षं लागली. 'तीन वर्षांत सर्व खाती एसओएवर' अशी योजना जाहीर करणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा. पण त्यातली युक्तीही उचलावी. नव्या कामाला नियम सक्तीचा. जुन्या प्रणालीच्या पोटात हात न घालता तिच्यावर तिसरा रूळ, म्हणजे बाहेरून प्रमाणित दिसणारं आणि आत जुन्याशी बोलणारं पातळ आवरण. जुन्या प्रणाली नव्याने लिहून काढण्याचा मोह हाच अनेक योजनांचा घात करतो. तीस वर्षांपूर्वीचा वेतनाचा कोड कुरूप असतो हे खरं, पण त्या कुरूपपणात तीस वर्षांचे न्यायालयीन निकाल आणि वेतन आयोग मुरलेले असतात.

पैशांचा धडा टपालाकडून घ्यावा. १८७४ पूर्वी एका देशातून दुसऱ्या देशात पत्र जायचं तर त्या दोन देशांत स्वतंत्र करार लागे, दर वेगळे, हिशेब वेगळे. त्या वर्षी बर्नमध्ये २२ देशांनी एकच करार केला आणि पुढे जागतिक टपाल संघ म्हणून ओळखली जाणारी संस्था उभी राहिली. २२ जणांनी प्रत्येकाशी वेगळा करार करायचा तर २३१ करार होतात. आणखी दहा जण वाढून ३२ झाले की ४९६. खात्याखात्यांमधल्या खासगी जोडण्यांचं जाळं का आवरत नाही, याचं उत्तर या गुणाकारात आहे. हिशेबाचाही सोपा तोडगा निघाला: तिकिटाचे पैसे ज्या देशाने घेतले त्याच्याकडेच राहतील, कारण प्रत्येक पत्राला साधारण एक उत्तर येतंच. जवळजवळ शंभर वर्षं हे चाललं. मग काही देशांत येणारं टपाल जाणाऱ्यापेक्षा फार जास्त झालं, वाटण्याचा खर्च त्यांच्या माथी, आणि १९६९ मध्ये येणाऱ्या टपालाचा मोबदला देण्याची पद्धत आणावी लागली.

सरकारी सेवांमध्ये ही वेळ शंभर वर्षांनी नाही, दुसऱ्या वर्षी येते. लोकसंख्या नोंदणीचं खातं 'पत्ता सांगा' ही सेवा उघडी करतं. पहिल्या वर्षी दोन खाती विचारतात, पुढे वीस. सर्व्हर वाढवायला हवेत, रात्रपाळीला माणूस हवा. फायदा विचारणाऱ्यांचा, खर्च सांगणाऱ्याचा. ते खातं काय करील? सेवा बंद नाही करणार, फक्त हळू करील. तक्रारींना उत्तर देणार नाही. मग विचारणारी खाती गुपचूप पत्त्यांची स्वतःची प्रत ठेवू लागतील आणि आपण मूळ जागी परत येऊ. प्रकल्पाचा निधी एकदाच मिळतो, सेवा मात्र जगत राहते. तिचा चालू खर्च वेगळा मंजूर नसेल तर तिचं उद्घाटनच करू नये. विचारणाऱ्या खात्यांकडून प्रत्येक प्रश्नामागे शुल्क घ्यावं, असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. शुल्क लावलं की खाती प्रश्न वाचवायला पुन्हा प्रत ठेवतात. मध्यवर्ती अंदाजपत्रकातून, वापराच्या आकड्यांवर दरवर्षी वाढणारी तरतूद हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग.

सक्ती करावी की नाही, यावर मात्र माझ्याच मताला टाचणी लावणारं उदाहरण आहे, ते लपवत नाही. ब्रिटन सरकारने नागरिकांची ओळख पटवणारी 'व्हेरिफाय' ही सामायिक सेवा २०१६ मध्ये सुरू केली. २०२० पर्यंत अडीच कोटी वापरकर्ते हे लक्ष्य होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये होते ३६ लाख. करखात्याने आपली स्वतंत्र व्यवस्था कायम ठेवली, आणि एप्रिल २०२३ मध्ये व्हेरिफाय बंद झाली. सक्ती नव्हती म्हणून बुडाली, असं म्हणून मी इथे थांबलो असतो तर सोयीचं झालं असतं. पण त्याच सरकारची 'नोटिफाय' ही संदेश पाठवण्याची सेवा, तीही २०१६ पासूनचीच, सक्तीशिवाय फोफावली. फरक कशात? नोटिफायने खात्यांचं एक कटकटीचं काम काढून घेतलं आणि बदल्यात काही मागितलं नाही. ओळख पटवणं हे मात्र खात्याच्या अधिकाराचं नाक आहे. खोट्या माणसाला पैसे गेले तर उत्तर खात्यालाच द्यावं लागतं. म्हणून सगळ्या सेवांना एक काठी लावू नये. सोयीच्या सेवा गुणांवर चालू द्याव्यात. ज्या सेवेत अधिकार आणि दायित्व हलतं, तिथे कायदा लागतो.

एस्टोनियाने हे कायद्याने केलं. तिथली 'एक्स-रोड' ही देवाणघेवाणीची व्यवस्था २००१ पासून चालू आहे आणि तिच्यात मध्यवर्ती डेटाबेस नाही. माहिती ज्या त्या खात्याकडेच राहते, प्रत्येक संदेशावर सही आणि वेळेची मोहोर असते. पण लोक एक्स-रोडचं सॉफ्टवेअर पाहायला जातात आणि त्यामागचं कायद्यातलं कलम पाहायचं विसरतात: जी माहिती एका सरकारी नोंदवहीत आहे तीच गोळा करण्यासाठी दुसरी नोंदवही उभारायला मनाई. सॉफ्टवेअर तर आता मुक्त स्रोताचं आहे, कुणीही उतरवून घ्यावं. कलम उतरवून घेता येत नाही. देश छोटा, तेरा-चौदा लाख लोकसंख्येचा, तिथे हे सोपं, हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. लोकसंख्येने सर्व्हर वाढतात. भांडणं खात्यांच्या संख्येने वाढतात, आणि कर, जमीन, आरोग्य, पोलीस ही खाती छोट्या देशालाही असतातच.

हे सगळं ठरवायचं आणि पाळून घ्यायचं म्हणजे 'नियमन'. 'नियमन' म्हटलं की समिती आठवते, आणि समिती म्हटली की भिजत घोंगडं. हा आक्षेप खरा आहे. मी अशा बैठकांना बसलोय जिथे सेवेच्या नावात अधोरेखा (अंडरस्कोअर) असावी की नसावी यावर दीड तास गेला, आणि ती सेवा बंद पडली तर फोन कुणाला लावायचा हा विषय वेळेअभावी पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. पण समिती निकामी ठरते ती तिच्या हातात निधीची नाडी नसते म्हणून. तिने 'नाही' म्हटलं तरी खातं निविदा काढतंच, तेव्हा शहाणी माणसं तिला येणं सोडतात आणि उरलेले अधोरेखेवर बोलतात. मंडळ लहान असावं. नव्या प्रणालीच्या निधीला त्याची सही लागावी, आणि त्याने फक्त तीन-चार गोष्टी पाहाव्यात: ही माहिती आधीच कुणाकडे आहे का, सेवेचा मालक कोण, सेवा बदलायची तर वापरणाऱ्यांना किती महिने आधी सूचना, आणि कंत्राटदार गेला तर सेवेचा आराखडा सरकारकडे राहतो का. अधोरेखा ज्याची त्याने ठरवावी.

सगळ्यात वजनदार आक्षेप तंत्रज्ञांकडून येत नाही, नागरी हक्कवाल्यांकडून येतो. खात्यांमधल्या भिंती नागरिकाला त्रास देतात तशाच त्याला वाचवतातही. सगळी खाती एकमेकांशी बोलू लागली की सरकार सगळं पाहू लागतं. नेदरलँड्समध्ये 'सिरी' नावाची प्रणाली वेगवेगळ्या खात्यांची माहिती जोडून संभाव्य लबाड लोक हुडकत असे. हेगच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये खासगी जीवनाच्या हक्काचा आधार घेऊन ती बेकायदा ठरवली. याला 'तंत्रज्ञान तटस्थ असतं' हे उत्तर पुरेसं नाही. माझं उत्तर असं, की आज भिंती आहेत हा भ्रम आहे. आज दारं नाहीत, पण भगदाडं आहेत: महिन्याला ईमेलने जाणारी एक्सेल, कुणीतरी कधीतरी दिलेला डेटाबेसचा पासवर्ड. नीट आखलेली सेवा 'हा माणूस पात्र आहे का' याला 'हो' किंवा 'नाही' म्हणू शकते, त्याची सगळी कुंडली न देता. आणि विचारणाऱ्याची नोंद राहते. एस्टोनियात नागरिक आपली माहिती कुणी पाहिली ते बघू शकतो. नियमन नसेल तर मात्र हा आक्षेप शंभर टक्के खरा ठरतो, हेही मान्य.

ऑस्ट्रेलियाचं 'रोबोडेट' प्रकरण यापुढचं आहे, आणि मला ते जास्त भीतीदायक वाटतं, कारण तिथे माहिती चोरीला गेली नव्हती, बिघडलीही नव्हती. करखात्याकडे लोकांचं वार्षिक उत्पन्न होतं. कल्याण खात्याचे भत्ते दर पंधरवड्याच्या उत्पन्नावर ठरत. वर्षाच्या आकड्याला २६ने भागून पंधरवड्याचं उत्पन्न काढलं गेलं, आणि ज्यांनी सहा महिने कमावलं व सहा महिने बेकारीत काढले त्यांच्यावर न घेतलेल्या पैशांचं कर्ज निघालं. लाखो लोकांना नोटिसा गेल्या. योजना बेकायदा होती. तिची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनचा, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाचा, अहवाल जुलै २०२३ मध्ये आला. दोन्ही खात्यांत रकान्याचं नाव 'उत्पन्न'च. एका शब्दाचे दोन अर्थ, आणि 'तुम्ही विचारताय ते उत्पन्न आमच्याकडे नाही' असं सांगणं हे ज्याचं काम आहे असा माणूस मधे नाही. वरिष्ठांना धोका सांगितला गेला नव्हता असंही नाही. ऐकणं कुणाच्या कर्तव्यात बसत नव्हतं. सेवेच्या मालकाला नकाराचा अधिकार हवा, असं मी म्हणतो ते यासाठी.

सुरुवात कुठून करायची? चारशे सेवांची यादी बनवून तर अजिबात नाही. अशा याद्यांतल्या बहुतेक सेवांना कधी कुणी हाक मारत नाही. सगळ्यात जास्त खाती ज्या चार-पाच गोष्टी पुन्हा पुन्हा विचारतात, माणूस कोण, राहतो कुठे, जिवंत आहे का, ही जमीन कुणाची, ही कंपनी नोंदलेली आहे का, तेवढ्यापासून. प्रत्येकीसमोर एक पदनाम, एक लेखाशीर्ष, आणि शब्दांचे अर्थ साध्या भाषेत. नवी सेवा सुरू झाली की तिने हटवलेल्या जुन्या जोडण्या कोणत्या तारखेला बंद होणार, तेही त्याच कागदावर. ज्या खात्याला आज जमत नाही त्याला सवलत द्यावी, पण तारीख घालून. ती तारीख येईल, खातं मुदतवाढीचा अर्ज घेऊन येईल, त्यावर मंत्र्यांची शिफारस असेल, आणि मंडळाला त्यावर लेखी उत्तर द्यावं लागेल. योजनेच्या सादरीकरणातली सगळी चित्रं बाजूला ठेवून मला ते एक उत्तर वाचायला आवडेल.